गरजू विद्यार्थ्यांसाठी अभियांत्रिकी आणि गणिताच्या शिष्यवृत्त्या: उत्पन्नाच्या दाखल्यापासून खात्यात रक्कम जमा होईपर्यंत

महाराष्ट्रात बारावी उत्तीर्ण होऊन अभियांत्रिकीकडे किंवा गणिताच्या पदवीकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याला आर्थिक मदत देणाऱ्या योजना कमी नाहीत. तरीही दर वर्षी पात्र असलेली अनेक मुले मदतीविना राहतात. काही वर्षे एका महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती कक्षात काम केल्यानंतर माझे ठाम मत झाले आहे की शिष्यवृत्तीचा बराचसा निकाल प्रवेश घेतानाच लागून गेलेला असतो. अर्ज ऑगस्टमध्ये भरला जातो, परंतु तो मंजूर होणार की नाही हे एप्रिलमध्ये काढलेला दाखला आणि जुलैमध्ये स्वीकारलेली जागा यांवर ठरते. म्हणून या लेखातील क्रम योजनांच्या नावांनुसार न ठेवता कामे ज्या क्रमाने करावी लागतात त्यानुसार ठेवला आहे.

पहिले काम: एप्रिल-मेमधील दाखले

उत्पन्नाचा दाखला तहसीलदार कार्यालयातून मिळतो. अर्ज आपले सरकार पोर्टलवरून किंवा जवळच्या सेतू अथवा महा ई-सेवा केंद्रातून करता येतो आणि त्याला तलाठ्याचा उत्पन्न अहवाल, शिधापत्रिका, आधार आणि नोकरदार पालक असल्यास फॉर्म १६ जोडावा लागतो. हा दाखला संपलेल्या आर्थिक वर्षाच्या उत्पन्नाचा असतो आणि पुढील ३१ मार्चपर्यंत चालतो. त्यामुळे बारावीच्या परीक्षेच्या गडबडीत फेब्रुवारीमध्ये काढून ठेवलेला दाखला जुलैच्या प्रवेशाला उपयोगी पडत नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात अर्ज करावा. निकाल लागल्यानंतर तहसील कचेरीसमोर लागणाऱ्या रांगेत आपला क्रमांक येईपर्यंत प्रवेशाची पहिली फेरी निघून गेल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

उत्पन्न म्हणजे आई आणि वडील दोघांचे सर्व मार्गांनी मिळणारे वार्षिक उत्पन्न. येथे इतर मागासवर्गीय कुटुंबांचा एक गैरसमज हमखास होतो. नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्र, म्हणजे कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला, ठरवताना पगार आणि शेतीचे उत्पन्न वेगळ्या नियमाने पाहिले जाते, तर शिष्यवृत्तीसाठी एकूण उत्पन्न मोजले जाते. त्यामुळे नॉन-क्रिमीलेयर हातात आहे म्हणून शिष्यवृत्तीही मिळेल असे गृहीत धरू नये. दोन्ही कागद स्वतंत्रपणे काढावेत आणि नॉन-क्रिमीलेयरची मुदत प्रवेशाच्या वर्षानंतरच्या ३१ मार्चपर्यंत आहे याची खात्री करावी. ईडब्ल्यूएस, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या, प्रमाणपत्राचेही तसेच आहे. त्यात उत्पन्नाबरोबर शेतजमीन आणि घर यांच्या अटी असतात, त्यामुळे साध्या उत्पन्नाच्या दाखल्याने त्याचे काम भागत नाही.

अधिवास प्रमाणपत्र, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि शिक्षणात खंड पडला असल्यास त्याचे प्रतिज्ञापत्र ही कागदपत्रे फारसा वेळ घेत नाहीत. जात वैधता प्रमाणपत्र मात्र घेते. त्याचा प्रस्ताव बारावीत असतानाच कनिष्ठ महाविद्यालयामार्फत जिल्हा पडताळणी समितीकडे जायला हवा, कारण वडिलांच्या किंवा आजोबांच्या शाळेचा जुना पुरावा शोधण्यातच काही महिने जाऊ शकतात.

दुसरे काम: जागा कोणती स्वीकारायची

हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि नेमका यालाच सर्वांत कमी वेळ दिला जातो.

शिक्षण शुल्काची सवलत देणाऱ्या राज्याच्या मुख्य योजनांसाठी प्रवेश राज्य सीईटी कक्षाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून, झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला हा लाभ नाही. त्याचप्रमाणे खाजगी अभिमत विद्यापीठे आणि स्वयंअर्थसहाय्यित खाजगी विद्यापीठे पुढे सांगितलेल्या राजर्षी शाहू शुल्क योजनेतून वगळलेली आहेत. एखादे परिचित महाविद्यालय पुढे खाजगी विद्यापीठात रूपांतरित झालेले असते, नाव जवळपास तेच राहते आणि पालकांच्या मनात जुने चित्रच असते. म्हणून प्रवेश निश्चित करण्यापूर्वी संस्थेच्या कार्यालयात एकच प्रश्न विचारावा: या जागेवर महाडीबीटीची, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरची, शुल्क योजना लागू आहे का? उत्तर शक्यतो लेखी घ्यावे. मौखिक आश्वासनावर घेतलेली जागा पुढे चार वर्षे महागात पडते.

याच टप्प्यावर शिक्षण शुल्क माफी योजनेचा, म्हणजे टीएफडब्ल्यूएसचा, विचार करावा. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या या योजनेत मंजूर संख्येच्या ५ टक्के जास्तीच्या जागा असतात. ६० विद्यार्थ्यांच्या तुकडीत त्या ३ होतात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांच्या आत असेल तर या जागेवर पदवीच्या संपूर्ण काळासाठी शिक्षण शुल्क माफ होते. यासाठी प्रवेशानंतर वेगळा शिष्यवृत्ती अर्ज नसतो, कारण जागाच त्या प्रकारची असते. कॅपच्या पसंतीक्रमात तिला निराळा चॉइस कोड असतो. जागा थोड्या असल्यामुळे तिचा कटऑफ त्याच शाखेच्या साध्या जागेपेक्षा बहुधा वर जातो. म्हणून पसंतीक्रम भरताना प्रत्येक महाविद्यालयाच्या त्या शाखेचा टीएफडब्ल्यूएस कोड आधी आणि त्याच्या लगेच खाली त्याच शाखेचा साधा कोड लिहावा. असे केल्याने काहीही गमावावे लागत नाही. मात्र केवळ शुल्क माफ होते म्हणून नको असलेल्या शाखेचा टीएफडब्ल्यूएस कोड हव्या असलेल्या शाखेच्या वर लिहू नये. या जागेवरून पुढे संस्था किंवा अभ्यासक्रम बदलता येत नाही, आणि आवड नसलेल्या शाखेतली चार वर्षे माफ झालेल्या शुल्काने भरून निघत नाहीत.

तिसरे काम: आपल्याला कोणती योजना लागू होते ते ठरवणे

खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्यांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे. कोल्हापुरात १९०१ साली वसतिगृह उघडून गरीब मुलांच्या शिक्षणाची वाट मोकळी करणाऱ्या राजाचे नाव तिला दिले आहे, ते योग्यच आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत, महाराष्ट्राचा अधिवास, कॅपमधून प्रवेश आणि एका कुटुंबातील दोनच अपत्यांना लाभ, या तिच्या मुख्य अटी आहेत. खाजगी विनाअनुदानित महाविद्यालयात शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांच्या ५० टक्के रकमेची प्रतिपूर्ती मिळते. इतर मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठीही याच धर्तीची सवलत इतर मागास बहुजन कल्याण विभागामार्फत आहे.

मुलींच्या बाबतीत २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून मोठा बदल झाला. जुलै २०२४ मधील शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि इतर मागास प्रवर्गातील, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी ५० ऐवजी १०० टक्के शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची सवलत मिळते. अनाथ मुला-मुलींनाही ती लागू आहे. घरात मुलगा आणि मुलगी दोघेही शिकणारे असतील तर मुलीला साध्या पदवीकडे वळवून मुलाला अभियांत्रिकीला पाठवण्याचे पूर्वीचे आर्थिक कारण आता उरलेले नाही, हे पालकांनी लक्षात घ्यावे असे मी कळकळीने सांगतो.

सवलत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काचीच आहे. विकास शुल्क, ग्रंथालय अनामत, वसतिगृह आणि खानावळ यांचा त्यात समावेश नाही. समजा एका महाविद्यालयाचे मान्यताप्राप्त शिक्षण शुल्क १,००,००० रुपये आणि विकास शुल्क १२,००० रुपये आहे. परीक्षा शुल्क बाजूला ठेवले तर शाहू योजनेतील मुलाला ५०,००० अधिक १२,००० असे ६२,००० रुपये भरावे लागतील. १०० टक्के सवलतीतील मुलीला आणि टीएफडब्ल्यूएस जागेवरील विद्यार्थ्याला १२,००० रुपये भरावे लागतील. प्रत्येक महाविद्यालयाचे खरे आकडे शुल्क नियामक प्राधिकरणाने मंजूर केलेले असतात आणि ते जाहीर होतात. प्रवेशापूर्वी ते पाहून असा हिशेब घरी बसून, कागदावर, चारही वर्षांसाठी मांडावा.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याचे कौटुंबिक उत्पन्न २.५ लाखांपर्यंत असेल तर भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत शुल्कासह निर्वाह भत्ताही मिळतो. उत्पन्न त्याहून अधिक असेल तर फ्रीशिप योजनेत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची प्रतिपूर्ती होते. अनुसूचित जमाती, विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गासाठी संबंधित विभागांच्या समांतर योजना आहेत.

शुल्काचा प्रश्न सुटला तरी राहण्या-जेवण्याचा खर्च उरतो, आणि तालुक्यातून पुण्याला किंवा नागपूरला जाणाऱ्या मुलाला खरी झळ त्याचीच लागते. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई, नवी मुंबई, ठाणे, पुणे, पिंपरी-चिंचवड आणि नागपूर येथे शिकणाऱ्यांना वर्षाला ६०,००० रुपये, इतर महापालिका क्षेत्रांत ५१,००० आणि इतर जिल्ह्यांच्या ठिकाणी ४३,००० रुपये मिळतात. अभियांत्रिकी आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांना शैक्षणिक साहित्यासाठी ५,००० रुपये वेगळे मिळतात. शाहू योजनेच्या लाभार्थ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, आणि तिच्यात अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजूर यांच्या मुलांना जास्त रक्कम ठेवलेली आहे. सातबारा उतारा आणि अल्पभूधारक प्रमाणपत्र, किंवा मजूर नोंदणीचा पुरावा, अर्जाबरोबर जोडला नाही तर हा फरक मिळत नाही. एकाच कारणासाठी दोन शिष्यवृत्त्या घेता येत नाहीत, परंतु शुल्कासाठी शाहू योजना आणि राहण्यासाठी निर्वाह भत्ता असे दोन्ही घेता येतात.

केंद्राच्या योजना आणि निवडीचा प्रश्न

केंद्राचे अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर भरले जातात. तेथे आधी आधारच्या साहाय्याने एकदाच करायची नोंदणी करून १४ अंकी क्रमांक घ्यावा लागतो, आणि तोच पुढील सर्व वर्षे वापरायचा असतो. तंत्रशिक्षण परिषदेची प्रगती शिष्यवृत्ती पदवी किंवा पदविकेच्या पहिल्या वर्षात, अथवा थेट दुसऱ्या वर्षात, प्रवेश घेणाऱ्या मुलींसाठी आहे. रक्कम वर्षाला ५०,००० रुपये, उत्पन्नाची मर्यादा ८ लाख आणि एका कुटुंबातील दोन मुलींपर्यंत लाभ. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी सक्षम आणि अनाथ किंवा कोविडमध्ये पालक गमावलेल्यांसाठी स्वनाथ या तेवढ्याच रकमेच्या योजना आहेत.

प्रगती घेणाऱ्या विद्यार्थिनीला दुसरी शासकीय शिष्यवृत्ती घेता येत नाही, म्हणून येथे तुलना करावी लागते. खाजगी महाविद्यालयात १ लाखाचे शिक्षण शुल्क माफ होत असेल तर राज्याची योजना फायद्याची आहे. शासकीय तंत्रनिकेतनात, जेथे शुल्कच थोडे आहे, तेथे हातात येणारे ५०,००० रुपये वसतिगृह, पुस्तके आणि लॅपटॉप यांसाठी कितीतरी उपयोगी पडतात. माझ्या मते पदविकेच्या मुलींनी प्रगतीचा अर्ज अवश्य भरावा.

बारावीत मंडळाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये आलेल्या आणि ४.५ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र शासनाची महाविद्यालयीन शिष्यवृत्ती आहे. पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत दर वर्षी १२,००० आणि बी.टेक.च्या चौथ्या वर्षी २०,००० रुपये मिळतात. देशभरात दर वर्षी ८२,००० नव्या शिष्यवृत्त्या दिल्या जातात आणि त्यांतील निम्म्या मुलींसाठी असतात. ती पुढे चालू राहण्यासाठी ५० टक्के गुण आणि ७५ टक्के उपस्थिती लागते. अभियांत्रिकीपेक्षा बी.एस्सी. गणिताच्या विद्यार्थ्याला ही योजना अधिक सोयीची आहे, कारण त्याचे शुल्क कमी असते आणि १२,००० रुपयांत वर्षाचा बराच खर्च भागतो.

गणिताच्या विद्यार्थ्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. अभियांत्रिकीला पैसे नाहीत म्हणून नाइलाजाने बी.एस्सी. अशी भाषा घरोघरी ऐकू येते, पण गणिताची ज्याला खरी ओढ आहे त्याच्यासाठी ही वाट आर्थिकदृष्ट्याही भक्कम आहे. आपल्या मंडळाच्या वरच्या १ टक्क्यात आलेल्या आणि गणित, संख्याशास्त्र किंवा मूलभूत विज्ञानाची पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्याला इन्स्पायर योजनेत वर्षाला ८०,००० रुपयांपर्यंत मिळतात. त्यांतील ६०,००० शिष्यवृत्ती म्हणून आणि २०,००० उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी असतात. तिला उत्पन्नाची अट नाही आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना ती मिळत नाही. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या कोलकाता येथील बी.स्टॅट. आणि बेंगळुरू येथील बी.मॅथ. या अभ्यासक्रमांसाठी वेगळी प्रवेश परीक्षा असते, आणि तेथे समाधानकारक प्रगती राखणाऱ्या विद्यार्थ्याला विद्यावेतन देण्याची परंपरा आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी शिकणाऱ्या हुशार मुलांपर्यंत ही माहिती वेळेवर पोचत नाही, याची मला खंत वाटते.

आयआयटीत जाणाऱ्यांनीही शुल्काचा आकडा पाहून घाबरू नये. तेथे अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना शिक्षण शुल्क पूर्ण माफ असते. इतरांचे कौटुंबिक उत्पन्न १ लाखाच्या आत असेल तर पूर्ण आणि १ ते ५ लाखांच्या दरम्यान असेल तर दोन तृतीयांश शुल्क माफ होते.

चौथे काम: महाडीबीटीवरील अर्ज

आधारशी जोडलेला मोबाइल क्रमांक स्वतःचा असावा. नेट कॅफेचालकाच्या किंवा मामाच्या क्रमांकावर ओटीपी जात असेल तर पुढे चार वर्षे प्रत्येक वेळी त्यांच्याकडे जावे लागते. प्रोफाइलमधील वैयक्तिक माहिती, पालकांची माहिती, पूर्वीचे शिक्षण, चालू अभ्यासक्रम आणि वसतिगृह हे भाग पूर्ण भरल्याशिवाय योजना दिसत नाहीत. चालू अभ्यासक्रमात प्रवेशाचा प्रकार निवडताना कॅप निवडून कॅपचा अर्ज क्रमांक जपून लिहावा, कारण पडताळणी त्यावर अवलंबून असते. कागदपत्रे २५६ केबीपेक्षा लहान, पण वाचता येतील अशी स्कॅन करावीत. उत्पन्नाच्या दाखल्यावरील बारकोड क्रमांक टंकताना एक अंक चुकला तरी अर्ज परत येतो. नावाचे स्पेलिंग आधार, दहावीची गुणपत्रिका आणि बँक या तिन्ही ठिकाणी एकच आहे का ते आधी तपासावे आणि तफावत असेल तर अर्ज भरण्यापूर्वी आधार दुरुस्त करून घ्यावे.

अर्ज सादर केल्यावर काम संपत नाही. तो आधी महाविद्यालयातील लिपिकाकडे, मग प्राचार्यांकडे आणि त्यानंतर विभागाकडे जातो. तंत्रशिक्षणाच्या बाबतीत विभागीय कार्यालयाकडे आणि अनुसूचित जातीच्या बाबतीत समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे. कोठेही त्रुटी निघाली तर अर्ज विद्यार्थ्याच्या लॉगिनमध्ये परत येतो. तेथे कारण लिहिलेले असते, परंतु ते पाहायला कोणी गेलेच नाही तर मुदत संपते आणि अर्ज आपोआप बाद होतो. दर आठवड्याला एकदा लॉगिन करून स्थिती पाहावी आणि अर्जाची छापील प्रत जोडलेल्या कागदांसह महाविद्यालयात देऊन पोच घ्यावी.

पाचवे काम: बँक खाते

पैसे खाते क्रमांकावर येत नाहीत, ते आधार क्रमांकाच्या आधारे येतात. ज्या खात्याला सर्वांत शेवटी आधार डीबीटीसाठी, म्हणजे शासकीय लाभ थेट जमा होण्यासाठी, जोडले गेले त्या खात्यात रक्कम जमा होते. खात्याला आधार देऊन केवायसी पूर्ण करणे आणि ते खाते डीबीटीसाठी एनपीसीआयकडे (राष्ट्रीय देयक महामंडळाकडे) जोडलेले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्याकडील एका विद्यार्थ्याने नवे खाते उघडले, अर्जात त्याचाच क्रमांक लिहिला, आणि शिष्यवृत्ती मात्र, शाळेत असताना गणवेशाच्या पैशांसाठी उघडलेल्या, नंतर बंद पडलेल्या खात्याकडे गेली आणि परत फिरली. ती मिळायला त्याला पुढचे वर्ष उजाडले. माय आधार संकेतस्थळावर बँक सीडिंगची, म्हणजे आधार कोणत्या खात्याला जोडलेले आहे याची, स्थिती दिसते. ती अर्जापूर्वी पाहावी आणि खाते चालू आहे याची शाखेत जाऊन खात्री करावी.

महाडीबीटीवर मंजुरीनंतर लॉगिनमध्ये रिडीमचा, म्हणजे मंजूर रक्कम घेण्याचा, पर्याय दिसत असेल तर तो दाबावा लागतो, अन्यथा रक्कम पुढे सरकत नाही. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि त्यातील शुल्काची रक्कम त्याने महाविद्यालयात भरायची असते. हे घरी आधी सांगून ठेवावे. अडचणीच्या दिवसांत खात्यात आलेले पैसे दुसरीकडे खर्च झाले की परीक्षेच्या अर्जाच्या वेळी विद्यार्थी कोंडीत सापडतो.

नूतनीकरण आणि उरलेली रक्कम

शिष्यवृत्ती एकदा मिळाली म्हणून पुढे आपोआप येत नाही. दर वर्षी नव्या गुणपत्रिकेसह आणि योजनेनुसार नव्या उत्पन्नाच्या दाखल्यासह नूतनीकरणाचा अर्ज भरावा लागतो. एखाद्या सत्राचा निकाल उशिरा लागला तर त्याची वाट पाहत बसू नये, कक्षात विचारून जेवढा अर्ज भरता येतो तेवढा भरून ठेवावा. एखाद्या वर्षी नापास झालेल्या मुलाने लाजेने कक्षात येणे टाळू नये, कारण प्रत्येक योजनेचा नियम वेगळा आहे आणि काही योजनांत पुढील वर्षी लाभ पुन्हा सुरू होऊ शकतो.

एवढे करूनही काही रक्कम उरतेच. वर्षाला ३०-४० हजारांची कमतरता असेल तर विद्यापीठाची कमवा व शिका योजना आणि पुण्यात येणाऱ्यांसाठी विद्यार्थी साहाय्यक समितीसारख्या १९५५ पासून ग्रामीण मुलांना अल्प खर्चात निवास देणाऱ्या संस्था यांच्याकडे आधी जावे. कमतरता त्याहून मोठी असेल तर शैक्षणिक कर्जाचा विचार करावा. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक गुणवत्ताप्राप्त संस्थांच्या विद्यार्थ्यांना तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळते, आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणाच्या काळात ३ टक्के व्याज सवलत आहे. तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रम शिकणाऱ्या, ४.५ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या विद्यार्थ्यांना त्या काळातील व्याजावर पूर्ण अनुदान मिळू शकते. खाजगी सावकाराकडे किंवा शेत गहाण ठेवण्याकडे वळण्यापूर्वी पालकांनी प्रवेशपत्र आणि शुल्काचा तपशील घेऊन राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेत जावे, आणि नकार मिळाला तर त्याचे कारण लेखी मागावे.